सॅन स्विचवर पोर्टचा स्पीड लावताना या चुका टाळा

सॅन म्हणजे सर्व्हर आणि स्टोरेज जोडणारं वेगळं नेटवर्क. त्याच्या स्विचवर पोर्ट वर आला नाही, म्हणजे लिंक जुळली नाही, की नव्या मुलांचा पहिला हात स्पीडच्या कमांडवर जातो. ऑटोवर येत नाही? १६ (गिगाबिट, म्हणजे १६जी) करून बघ. तरी नाही? ८ कर. कुठल्या तरी आकड्यावर हिरवा दिवा लागला की "झालं सर" असा मेसेज येतो आणि तिकीट बंद. लिंक वरच्या स्पीडवर का टिकली नाही, हे मात्र कोणी विचारत नाही. मला याचा मनापासून त्रास होतो, कारण त्या दिवशी लपवलेला दोष पुढे भलत्याच सर्व्हरवर, भलत्याच माणसाच्या ड्युटीत बाहेर येतो.

एरर दिसले म्हणून स्पीड खाली आणणे

माझ्या मते सगळ्यांत महाग पडणारी चूक हीच.

नवी मुंबईतल्या एका डेटा सेंटरमध्ये महिनाअखेरीला पाच-सहा सर्व्हर एकदम मंदावायचे. स्टोरेजवाले म्हणत आमची डिस्कची पेटी, म्हणजे अ‍ॅरे ठीक आहे, सर्व्हरवाले म्हणत सीपीयू रिकामा आहे. मी स्विचवर बसलो तेव्हा दोन स्विचना जोडणाऱ्या लिंकवर, म्हणजे आयएसएलवर, शून्य क्रेडिटचा वेळ मोजणारा काउंटर धावत होता. क्रेडिट म्हणजे समोर एक फ्रेम, म्हणजे डेटाचा एक तुकडा, ठेवायला जागा असल्याची परवानगी. म्हणजे फ्रेम पाठवायची आहे, पण समोर बफर मोकळा नाही. मागोवा घेत घेत एका रिपोर्टिंग सर्व्हरच्या पोर्टवर पोचलो. ब्रोकेड कंपनीच्या स्विचवर स्विचशो कमांडमध्ये स्पीडच्या आधी 'एन' असेल, तर तो दोन्ही टोकांनी आपसांत ठरवलेला स्पीड असतो. इथे 'एन८' नव्हतं, नुसतं '८जी' होतं. कोणीतरी हाताने बांधून ठेवलेला पोर्ट. एचबीए (सर्व्हरमधलं सॅनचं कार्ड) १६जीचा, एसएफपी (पोर्टमध्ये बसणारा प्रकाशाचा मॉड्यूल) १६जीचा, मग ८ का?

जुनं तिकीट काढलं. काही महिन्यांपूर्वी त्या पोर्टवर १६जीला सीआरसी एरर (फ्रेम वाटेत बिघडल्याची खूण) येत होते. ड्युटीवरच्या मुलाने स्पीड ८ केला, एरर थांबले, तिकीट बंद झालं. नंतर अ‍ॅरेचे पोर्ट ३२जीचे झाले. आता हा सर्व्हर मोठमोठे रीड मागवायचा, अ‍ॅरे ३२च्या वेगाने डेटा ओतायचा आणि तो ८च्या तोटीतून निघायचा. मागे तुंबलेल्या फ्रेमनी आयएसएलचे बफर अडवले आणि त्याच आयएसएलवरचे बाकीचे सर्व्हर विनाकारण ताटकळले.

मूळ कारण फरशीखाली होतं. सर्व्हरकडची पॅच कॉर्ड निळसर, स्विचकडचीही निळसर, म्हणून सगळ्यांनी ओएम३ प्रकारची फायबर धरली होती. दोन पॅच पॅनलच्या मधली केबल मात्र जुनी नारिंगी ओएम२ निघाली, साधारण ४५ मीटरची. ओएम२वर ८जी ५० मीटरपर्यंत चालतं, १६जी फक्त ३५ मीटर. म्हणून ८वर सगळं स्वच्छ आणि १६वर एरर. मधली केबल ओएम४ची टाकली, पोर्ट ऑटोवर सोडला आणि तो 'एन१६' होऊन बसला. पुढच्या महिनाअखेरीला फोन आला नाही.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. एरर दिसले की आधी एसएफपीशो कमांड आणि दोन्ही टोकांची आरएक्स पॉवर, म्हणजे पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद. मग कनेक्टर क्लीनर पेनने साफ करायचे, पॅच पॅनलचेसुद्धा. मग केबलच्या अंगावर छापलेला प्रकार वाचायचा, आणि तो मधल्या तुकड्याचाही. ओएम३वर १६जी १०० मीटर आणि ३२जी ७० मीटर, ओएम४वर १२५ आणि १००, हे आकडे मी पॅनलच्या दाराला आतून चिकटवून ठेवतो. स्पीड खाली आणायचाच असेल तर तात्पुरता, तारखेसकट तिकिटात लिहून, आणि तिकीट उघडं ठेवून.

एसएफपी काय बोलू शकतो हे न बघणे

एसएफपी साधारण तीनच स्पीड जाणतो. १६जीचा ४, ८, १६. ३२जीचा ८, १६, ३२. ६४जीचा १६, ३२, ६४. लोक "बॅकवर्ड कंपॅटिबल" एवढंच ऐकतात आणि पुढचं सोडून देतात.

एका स्विच बदलीच्या रात्री जुन्या टेप लायब्ररीतले एलटीओ-४ ड्राइव्ह नव्या ३२जी स्विचवर येईनात. ड्राइव्ह ४जीचे, स्विचमध्ये सगळे एसएफपी ३२जीचे. स्विच 'नो सिंक' दाखवत होता, म्हणजे प्रकाश पोचतोय पण भाषा जुळत नाही. त्यावर दोघा मुलांनी तीन तास केबली बदलल्या. प्रकाश पोचत नसता तर 'नो लाइट' दिसलं असतं. हे दोन शब्द नीट वाचले असते तर रात्र वाचली असती. त्या स्विचला चालणारे १६जीचे एसएफपी टाकले आणि ड्राइव्ह ४वर आले. आता बदलीआधी प्रत्येक एचबीए आणि ड्राइव्हचा स्पीड मी वहीत लिहून घेतो, आणि ती यादी तयार नसेल तर चेंज विंडो पुढे ढकलायला सांगतो.

दोन्ही फॅब्रिक एकदम बदलणे

स्पीड बदलला की लिंक पडते आणि पुन्हा उठते. सर्व्हर दोन फॅब्रिकना, म्हणजे सॅनच्या दोन स्वतंत्र जाळ्यांना, जोडलेला असतो. एक वाट पडली की दुसरी वापरणारा सर्व्हरवरचा मल्टिपाथ एवढं सहन करतो, पण एका बाजूचंच. वेळ वाचवायला दोन्ही फॅब्रिकसाठी एकच स्क्रिप्ट चालवलेली मी पाहिली आहे. पहिल्या बाजूचे पाथ परत यायच्या आत दुसरी बाजू पडली आणि डेटाबेसची फाइल सिस्टिम रीड-ओन्ली झाली. मी पहिल्या फॅब्रिकचे सगळे पाथ सर्व्हरवर जिवंत पाहतो, सर्व्हरवाल्याकडून तसं लेखी घेतो, आणि मगच दुसऱ्याला हात लावतो. शक्यतो दुसऱ्या रात्री.

आयएसएलचा स्पीड वाढवून क्रेडिट विसरणे

लांबच्या लिंकवर पूर्ण आकाराच्या फ्रेमसाठी दर किलोमीटरला ८जीवर सुमारे ४ क्रेडिट लागतात, १६जीवर ८, ३२जीवर १६. फ्रेम लहान असतील तर आणखी जास्त. २० किलोमीटरची लिंक ८वरून १६वर नेली आणि क्रेडिट ८०च ठेवले, तर नव्या एसएफपीचे पैसे वाया गेले.

बाकीच्या, थोडक्यात

ट्रंकमधल्या (अनेक आयएसएल एकत्र करून केलेली मोठी लिंक) एका लिंकचा स्पीड वेगळा असेल तर ती ट्रंकमध्ये येत नाही, एकटीच उभी राहते.

ब्रोकेडवर १६ लिहायचं, सिस्कोच्या एमडीएस स्विचवर १६०००. एमडीएसवर काम झालं की रनिंग कॉन्फिग स्टार्टअपमध्ये कॉपी करा, नाहीतर रीबूटनंतर जुना स्पीड परत येईल.

डीडब्ल्यूडीएमच्या (एकाच फायबरवर प्रकाशाचे अनेक चॅनेल नेणाऱ्या) पेटीवर त्या चॅनेलचा दर ठरलेला असेल तर पोर्टही त्याच स्पीडला बांधा. बाकी सर्व्हर आणि स्टोरेजच्या पोर्टना मी ऑटोच ठेवतो.

८जीवर लिंक आली पण चुकीच्या ऑर्डर्ड सेटचा (लिंकवरच्या नियंत्रणाच्या खुणांचा) काउंटर वाढतोय? केबल काढायच्या आधी फिलवर्ड, म्हणजे लिंक रिकामी असताना पाठवला जाणारा भरणा, बघा. बहुतेक ठिकाणी मोड ३ चालतो, पण तो बदलतानाही पोर्ट पडतो.

काउंटर साफ न करता "एरर अजून आहेत" असं सांगू नका. ते गेल्या वर्षीचेही असू शकतात. बदल झाला की स्टॅट्सक्लिअर कमांडने काउंटर शून्य करा, वेळ लिहून ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी सर्व्हरवर खरा लोड येऊन गेल्यावर पोर्टएररशो कमांडने एरर बघा. सीआरसी शून्य दिसलं की मी तिकीट बंद करतो.