लष्करी मालवाहू विमानांची तुलना करताय? या चुका टाळा

कराराची एकूण रक्कम घ्यायची, तिला विमानांच्या संख्येने भागायचं आणि आलेल्या उत्तराला ‘एका विमानाची किंमत’ म्हणायचं. नव्या अभ्यासकांची ही चूक दुरुस्त करून मी थकलो आहे.

भारताने 2011 साली सी-17 ची 10 विमानं घ्यायचा करार केला, साधारण 4.1 अब्ज डॉलरचा. म्हणजे विमानामागे 41 कोटी डॉलर. अमेरिकी हवाई दल स्वतःच्या सी-17 ची किंमत 20.23 कोटी डॉलर सांगतं. पुण्यातल्या एका व्याख्यानासाठी तक्ता करताना आमच्यातल्या एका मुलाने हे दोन आकडे शेजारी मांडले आणि वर मथळा दिला: ‘दुप्पट भाव मोजला!’ निवृत्त लोडमास्टर (विमानात माल भरण्या-उतरवण्याची जबाबदारी सांभाळणारे) असलेले एक काका तक्ता तपासायला बसले होते. त्यांनी आकड्यावर बोट ठेवलं. “बाळा, हे डॉलर कुठल्या सालचे? आणि सुटे भाग, प्रशिक्षण यात धरलंस का?” अमेरिकेचा आकडा 1998 च्या डॉलरमधला होता, तर आपल्या रकमेत प्रशिक्षण, सुटे भाग, देखभाल असं सगळं आलं होतं. व्याख्यान दुसऱ्या दिवशी सकाळी. रात्री जागून अख्खा तक्ता नव्याने केला.

तेव्हापासून मी किमतीशेजारी दोन रकाने ठेवतो: ‘साल’ आणि ‘त्यात काय काय’. ते भरता आले नाहीत तर किंमत सरळ खोडतो. भारताच्या सी-295 विमानांच्या करारातल्या 21,935 कोटी रुपयांनाही हाच नियम, कारण त्या एकाच रकमेत 56 पैकी 16 विमानं स्पेनहून तयार घ्यायची आणि 40 वडोदऱ्यात बनवायची ठरली.

दुसरी चूक भार आणि पल्ल्याची. ए-400एम ‘37 टन नेतं आणि 8,700 किलोमीटर जातं’ असं लिहिलेलं सर्रास दिसतं. दोन्ही आकडे खरे, पण एकाच उड्डाणातले नाहीत. 37 टन घेतले तर पल्ला सुमारे 3,300 किलोमीटर, 20 टन घेतले तर 6,400. आणि 8,700 रिकाम्या विमानाचा. माहितीपत्रकातला सगळ्यात मोठा आकडा उचलणं हा आळस आहे. मी आधी भार ठरवतो, मग पल्ला शोधतो.

वजनाइतकीच जागा बघा. तंबू, अंथरुणं, औषधांची खोकी भरली की टन शिल्लक असतानाच विमानाचं पोट भरतं.

सी-130जे आणि सी-17 यांना एकाच तराजूत तोलू नका; एकाची भार नेण्याची क्षमता 20 टनांच्या आसपास, दुसऱ्याची 77.

आणि धावपट्टीची उंची लिहाच. लेह 10,600 फुटांच्या वर आहे. दुपारी हवा तापून आणखी विरळ झाली की तिथून उडताना भार कमी करावा लागतो, म्हणून तिथली बरीचशी उड्डाणं सकाळीच उरकतात. समुद्रसपाटीचा आकडा तिथे लावलात, तर तुमच्या तक्त्यातला माल लेहच्या धावपट्टीवरच पडून राहील.