पायाची सूज, ओटीपोटातल्या गाठी आणि नॉन-हॉजकिन लिम्फोमा: फाईल वाचायची कशी

मामांची डाव्या पायाची चप्पल घट्ट व्हायला लागली तिथून हे सगळं सुरू झालं. उजवी मस्त बसायची, डाव्या पायाला मात्र संध्याकाळपर्यंत सूज, बोटाने दाबलं की खड्डा. वयामुळे असेल, मीठ कमी करा असं करत दीड महिना गेला आणि शेवटी सीटी स्कॅनमध्ये आलं 'लेफ्ट एक्स्टर्नल इलियाक लिम्फॅडेनोपॅथी'. घरात कुणाला ओ की ठो कळेना. मी डॉक्टर नाही, फाईल काखेत मारून फिरलेला भाचा आहे, तेवढ्याच अनुभवावर लिहितोय.

तर इलियाक म्हणजे ओटीपोटातून पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या, त्यांच्या कडेने लिम्फ नोड (रोगप्रतिकारक पेशींच्या छोट्या गाठी) असतात, त्या फुगल्यात एवढाच त्याचा अर्थ. जांघेतली गाठ हाताला लागते, ह्या आतल्या सहसा लागत नाहीत, म्हणून त्या शेजाऱ्यांना त्रास देतात तेव्हाच कळतं. शिरेवर दाब आला की पाय सुजतो, मूत्रवाहिनीवर आला की किडनी फुगते, मूत्राशयावर आला की सारखी लघवी. आणि एक पाय अचानक सुजून दुखायला लागला तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, तेव्हा त्याच दिवशी दाखवून डॉपलर (शिरांची सोनोग्राफी) करून घ्या, उद्यावर टाकू नका.

गाठ दिसली म्हणजे लिम्फोमाच, म्हणजे ह्या लिम्फ पेशींचा कॅन्सरच, असं मात्र नाही हां. टीबीने फुगते, साध्या इन्फेक्शनने फुगते, प्रोस्टेट किंवा गर्भाशयमुखाचा कॅन्सर पसरला तरी इथेच फुगते. आपल्याकडे ताप, घाम, वजन कमी म्हटलं की पहिला संशय टीबीवर आणि लिम्फोमातही नेमकं हेच होतं (रात्री कपडे बदलावे लागतील इतका घाम, सहा महिन्यांत १० टक्क्यांहून जास्त वजन कमी). म्हणून बायोप्सीशिवाय अंदाजाने गोळ्या सुरू होत असतील तर दोनदा विचारा. बारीक सुईची एफएनएसी बहुतेक वेळा पुरत नाही, लिम्फोमाचा प्रकार ठरवायला जाड सुईची कोअर बायोप्सी नाहीतर अख्खी गाठच काढावी लागते. इमर्जन्सी नसेल तर बायोप्सीआधी स्टेरॉईड नको, गाठ तात्पुरती बसते आणि रिपोर्ट गंडतो.

फाईलमधला सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे आयएचसी रिपोर्ट, बायोप्सीच्या तुकड्यावरून पेशींचा प्रकार ओळखणारी तपासणी. आम्ही आधी स्टेज शोधत बसलो, ती चूक. नॉन-हॉजकिन हे एका आजाराचं नाव नाहीच, डझनावारी प्रकार आहेत आणि उपचार प्रकारावर ठरतात. सीडी २० हे पेशीवरचं एक प्रोटीन, ते पॉझिटिव्ह म्हणजे बहुधा बी सेलचा (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा) लिम्फोमा, तिथे रिटुक्सिमॅब हे औषध चालतं. केआय ६७ म्हणजे किती टक्के पेशी वाढीला लागल्यात. मामांचा निघाला डिफ्यूज लार्ज बी सेल, हा झपाट्याने वाढतो पण पूर्ण बराही होऊ शकतो. उलट फॉलिक्युलर हळू वाढतो, त्रास नसेल तर कधीकधी नुसतं लक्ष ठेवतात, आणि तेव्हा 'डॉक्टर काहीच करत नाहीत' म्हणून नातेवाईक वैतागतात, पण तीही ट्रीटमेंटचीच पद्धत आहे.

पेट स्कॅनच्या फिल्मवर मला ओटीपोटात मोठ्ठा काळा गोळा दिसला आणि माझे पायच गळाले. टेक्निशियन म्हणाला, अहो ते मूत्राशय! ते रेडिओअ‍ॅक्टिव्ह साखरेचं औषध लघवीवाटे बाहेर पडतं, त्यामुळे किडनी आणि मूत्राशय कायमच काळे दिसतात, आणि मेंदू साखर भरपूर वापरतो म्हणून तोही. गाठ त्याच्या बाजूला, लहानशी होती. तेव्हा फिल्म घरी उजेडात धरून डॉक्टरकी करू नका, रिपोर्ट वाचा.

स्टेजचं म्हणाल तर एकाच भागातल्या गाठी म्हणजे एक, डायफ्रॅमच्या (छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याच्या) एकाच बाजूला दोन किंवा जास्त भाग असले तर दोन, वर-खाली दोन्हीकडे तीन, बोन मॅरो किंवा लिव्हरसारख्या अवयवात पसरला तर चार. लिम्फोमात चौथी स्टेज म्हणजे सगळं संपलं असं नसतं, हे पेशंटला पहिल्याच दिवशी सांगा.

मामांना आर-चॉप (रिटुक्सिमॅब आणि केमोच्या औषधांचा एकत्र कोर्स) दिलं, दर २१ दिवसांनी, सहा सायकल. त्याआधी हिपॅटायटिस बी ची टेस्ट झालीये ना बघा, कारण रिटुक्सिमॅबने दबलेला व्हायरस उठू शकतो, आणि टूडी इकोही (हृदयाची सोनोग्राफी) हवा, कारण आर-चॉपमधल्या डॉक्सोरुबिसिनचा हृदयावर परिणाम होतो. तरुण पेशंट असेल तर पुढे मूल हवंय का ते केमोच्या आधीच विचारा, नंतर उशीर होतो. डॉक्सोरुबिसिननंतर लघवी लालसर होते, रक्त नाही ते, औषधाचा रंग आहे, आम्ही रात्री एक वाजता फोन करून शिव्या खाल्ल्यात. पण केमो चालू असताना ताप १००.४ च्या वर गेला तर मात्र रात्री एक असो की तीन, क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, फाईल उचलायची आणि हॉस्पिटल गाठायचं.