लाल कोळी: दुसरी वाफ चुकवू नका
होळी झाली. शहापूर-मुरबाडकडच्या पॉलिहाऊसमध्ये दुपारी उभं राहवत नाही, आणि लाल कोळ्याला, म्हणजे पानाखाली बसून रस शोषणाऱ्या बारीक किडीला, नेमकं तेच हवं असतं. पारा 30 अंशांवर गेला की अंडं तीन-चार दिवसांत फुटतं आणि आठ-दहा दिवसांत नवी मादी अंडी घालू लागते. उद्या सकाळीच खालची पानं उलटी करून भिंग लावा. जाळी दिसली म्हणजे उशीर झालाच. माझा अंदाज, सुरुवात दाराजवळच्या नाहीतर उन्हाकडच्या ओळीत असते.

निलगिरी, लवंग, गवती चहा यांच्या तेलाची वाफ पानाखाली शिरते, जिथे फवारा पोचत नाही. कोळी मरतात, पण अंडी पुष्कळशी वाचतात. मुरबाडकडच्या एका काकडीवाल्याने पहिल्या वाफेनंतर मेलेले कोळी पाहिले आणि निश्चिंत झाला. पंधरवड्यात वेल पिवळे, वाशीला माल गेलाच नाही. असे मी बरेच पाहिलेत. पाचव्या दिवशी दुसरी आणि दहाव्या दिवशी तिसरी वाफ द्यायचीच. तारखा पहिल्याच दिवशी दारावर खडूने लिहा.

दुकानदार अख्ख्या शेडसाठी महागडी बाटली गळ्यात मारेल. हिशोब करा: 10 गुंठे, सरासरी उंची 5 मीटर, म्हणजे 5,000 घनमीटर हवा. घनमीटरला 1 मिली धरलं तरी 5 लिटर तेल, आणि प्रयोगशाळेतल्या बंद डब्यात याहून बरंच जास्त वापरतात. वर शेडच्या फटींतून अर्धी वाफ बाहेर. म्हणून वाफ फक्त रोपांच्या प्लास्टिक बोगद्यात द्या. 10 मीटर लांब, 1 मीटर रुंद, अर्धा मीटर उंच बोगद्याला 5 मिलीपासून सुरुवात करा. हा माझा अंदाज, छापील मात्रा नव्हे. आधी चार रोपांवर बघा, दोन दिवस थांबा. काकडीची कोवळी पानं करपतात. तेलाच्या चिंध्या पानांना न लागतील अशा टांगा, सूर्यास्तानंतर बोगदा झाका, पहाटे उघडा. जाळ, निखारा अजिबात नको, तेल पेट घेतं.

मोठ्या शेडसाठी:
- निंबोळी अर्क 5 टक्के, पानाच्या खालून
- गंधक 80 टक्के, पाण्यात मिसळणारी भुकटी, लिटर पाण्याला 2 ते 2.5 ग्रॅम, फक्त थंड वेळी
- कोळी लागलेली पानं पिशवीत भरून बाहेर
- तण काढणे
- कोळी असलेल्या ओळीत काम सगळ्यात शेवटी, मग हातपाय धुणे

गंधक आणि तेल यांच्यात दोन आठवडे तरी जाऊ द्या, नाहीतर कोळ्याआधी पीकच जळेल.