सिंक होत नाही, पण अडलंय कुठे?

माझं पहिलं ॲप साधं नोंदवहीचं होतं. फोनवर लिहायचं, टॅबलेटवर वाचायचं. दोन्ही टेबलावर शेजारी ठेवून फोनवर ओळ टाइप केली, की काही सेकंदांत ती टॅबलेटवर हजर. मी खूश. मग टेस्टफ्लाइटवर (टेस्टरना ॲप वापरून बघायला देण्याची ॲपलची सोय) ॲपची तयार प्रत, म्हणजे बिल्ड टाकली आणि टेस्टरचा पहिलाच मेसेज आला: ‘दुसऱ्या फोनवर काहीच येत नाहीये.’

दोन दिवस कोड खालीवर केला. चूक तिथे नव्हतीच. ॲपचा डेटा आयक्लाउडवर ठेवायला मी ॲपलचं क्लाउडकिट वापरतो. त्यात डेव्हलपमेंट (ॲप बनवतानाचं) आणि प्रॉडक्शन (खऱ्या वापराचं) अशी दोन वेगळी घरं असतात. एक्सकोडमधून (जिथे ॲपचा कोड लिहितो ते ॲपलचं साधन) चालवलेलं ॲप एरवी डेव्हलपमेंटशी बोलतं, टेस्टफ्लाइटवरचं प्रॉडक्शनशी. डेव्हलपमेंटमध्ये नवा रेकॉर्ड टाइप, म्हणजे नोंदीचा प्रकार, सेव्ह करतानाच तयार होतो. प्रॉडक्शनमध्ये होत नाही, तिथे क्लाउडकिटच्या कन्सोलमधून स्कीमा (कोणते रेकॉर्ड टाइप, त्यांत कोणती फील्ड, हा आराखडा) डिप्लॉय करावा, म्हणजे पाठवावा लागतो. मी तो केलाच नव्हता. (घाईघाईत करूही नका. एकदा प्रॉडक्शनला गेलेलं फील्ड काढता येत नाही.)

तेव्हापासून ‘सिंक होत नाही’ हे वाक्य मी तसंच्या तसं ऐकून घेत नाही. नोंद फोनच्या डेटाबेसमध्ये उतरली का? सर्व्हरवर चढली का? दुसऱ्या डिव्हाइसवर आली, पण स्क्रीनच ताजी झाली नाही, असं तर नाही ना? एकाच नोंदीचा आयडी धरून प्रत्येक टप्प्यावर लॉग (काय घडलं ते सांगणारी ओळ) टाकला, की बहुतेक वेळा जागा लगेच सापडते. सायलेंट पुशवर (बदल झाल्याचं ॲपला गुपचूप कळवणारी सूचना) मात्र भिस्त ठेवू नका. ती येईलच याची हमी नसते, म्हणून ॲप उघडताना बदल स्वतःहून मागवा.

डिलीटने मला सगळ्यात जास्त छळलं. फोनवर नोंद पुसली तेव्हा टॅबलेट ऑफलाइन होता. तो नेटवर आला आणि माझ्या कोडची समजूत झाली, की ही नोंद सर्व्हरवर नाही म्हणजे चढवायची राहून गेलीय. पुसलेली नोंद पुन्हा उभी! आता मी नोंद लगेच पुसत नाही, ‘डिलीटेड’ अशी खूण करून ठेवतो. सगळ्या डिव्हाइसना कळल्यावर मगच साफसफाई.

दोन्हीकडे एकच ओळ बदलली तर? मी आधी डिव्हाइसच्या घड्याळावर निकाल लावायचो. एका टेस्टरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे निघालं आणि त्याचा जुना मजकूर दर वेळी जिंकू लागला. क्लाउडकिट अशा वेळी ‘सर्व्हर रेकॉर्ड चेंज्ड’ ही एरर देतं, आणि तिच्यासोबत सर्व्हरची, आपली आणि दोघांच्या आधीची प्रतही मिळते. त्या प्रती वापरून निकाल लावायचा सोडून मी त्या एररवर नुसतं प्रिंट, म्हणजे एरर छापून दाखवण्याची आज्ञा, लिहून ठेवलं होतं.

आणि हो, कोड उघडण्याआधी टेस्टरला दोन गोष्टी विचारा: दोन्हीकडे अकाउंट एकच आहे ना, आणि आयक्लाउडमध्ये जागा आहे ना? क्लाउडकिटचा प्रायव्हेट डेटाबेस (प्रत्येकाचा खासगी डेटा ठेवणारा) ॲप वापरणाऱ्याच्याच आयक्लाउड कोट्यातून जागा खातो, आणि फुकटचे 5 जीबी फोटोंनीच भरलेले असतात.