व्हॅनला चोरीरोधक अलार्म स्वतः कसा बसवावा

कारला अलार्म बसवण्याची माहिती सर्वत्र मिळते, परंतु खेड्यापाड्यांत कारपेक्षा ओम्नी, ईको किंवा तत्सम व्हॅन अधिक दिसतात आणि त्यांची रचना कारपेक्षा वेगळी असते. बाजूचा दरवाजा सरकता असतो, इंजिन पुढच्या सीटखाली असते आणि मागे आठवडी बाजाराचा किराणा, वरूड-मोर्शीकडे संत्र्याचे क्रेट, नाहीतर कृषी केंद्रातून आणलेले बियाणे व फवारणीची औषधे असतात. त्यामुळे येथे गाडीइतकीच मालाचीही राखण करावी लागते. ज्याला मल्टिमीटर वापरता येतो आणि ज्याच्यापाशी निवांत असा एक पूर्ण दिवस आहे, त्याला हे काम घरी करता येते. ज्याला मीटर वाचता येत नाही, त्याने मात्र तालुक्याच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जावे, कारण अंदाजाने कापलेली एक वायर अलार्मच्या किमतीपेक्षा महाग पडू शकते.

खरेदीपूर्वीची तपासणी

अलार्म विकत घेण्यापूर्वी संध्याकाळी गाडीत बसून आतल्या दिव्याचे बटण मधल्या, म्हणजे दरवाजासोबत दिवा लागण्याच्या स्थितीत ठेवावे आणि एकेक दरवाजा उघडून पाहावा. ज्या दरवाजाने दिवा लागतो, त्याच्या चौकटीत स्विच आहे आणि तो उघडल्याचे अलार्मला कळू शकेल. ज्याने दिवा लागत नाही, त्याच्या बाबतीत अलार्म आंधळा राहील. व्हॅनमध्ये बहुधा पुढच्या दोन दरवाजांना स्विच असतात, सरकत्या व मागच्या दरवाजांचा भरवसा नसतो आणि चोर नेमके तेच दरवाजे उघडतो. ही तपासणी न करता बसवलेले कितीतरी अलार्म चालकाचा दरवाजा इमाने इतबारे राखतात आणि मागून पोती उतरली तरी गप्प राहतात.

संचात मुख्य युनिट, सायरन, धक्का ओळखणारा शॉक सेन्सर, दोन रिमोट, लुकलुकणारा लहान एलईडी, हार्नेस म्हणजे वायरींचा जुडगा आणि बहुतेक वेळा एक रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच असतो. जोडणीचा नकाशा छापलेला कागद नसलेला संच स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. वायरच्या रंगांबाबत कंपन्यांचा आपसात काहीही मेळ नसतो, म्हणून तो कागद हाच एकमेव आधार असतो. ध्वनिलहरींवरून गाडीच्या आतली हालचाल ओळखणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर जास्तीचे पैसे देऊन घेण्याची गरज नाही. नवतप्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की आपण काच दोन बोटे खाली ठेवतोच, आणि तेवढी झुळूक त्या सेन्सरला पुरते.

वॉरंटीतील गाडीची मूळ वायरिंग कापल्यास विद्युत भागांची वॉरंटी नाकारली जाऊ शकते, त्यामुळे नव्या ईकोच्या मालकाने आधी विक्रेत्याशी बोलावे. पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेने मान्य केलेल्या चोरीरोधक उपकरणावर विम्याच्या स्व-नुकसान, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात २.५ टक्के, परंतु जास्तीत जास्त ५०० रुपये सूट मिळण्याची तरतूद आहे, मात्र तिला उपकरणाचे व ते बसवल्याचे प्रमाणपत्र लागते. घरी बसवलेल्या अलार्मवर ती गृहीत धरू नये.

वायर शोधणे

काम सकाळी लवकर आणि सावलीत सुरू करावे, कारण तापलेले प्लास्टिकचे पॅनेल काढताना त्याच्या चिमट्या तुटतात. वायर शोधण्यासाठी बॅटरी जोडलेली लागते, म्हणून आधी मोजमाप, मग चिठ्ठ्या आणि त्यानंतर बॅटरी सोडवणे हाच क्रम ठेवावा. स्टिअरिंगखालचे आवरण उघडावे. पिवळ्या नळीतील किंवा पिवळ्या कपलरच्या (वायर जोडणाऱ्या प्लगच्या) वायर एअरबॅगच्या असतात. त्यांना मीटरची सळईसुद्धा लावू नये.

मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून काळी सळई बॉडीच्या उघड्या लोखंडाला धरावी आणि लाल सळईने एकेक वायर तपासावी. जिच्यावर किल्ली नसतानाही सुमारे १२.५ व्होल्ट दिसतात, ती कायम पुरवठ्याची वायर होय. इग्निशनची वायर किल्ली फिरवताच जिवंत होते आणि स्टार्टर मारतानाही जिवंत राहते. स्टार्टर मारताना जिचे व्होल्ट नाहीसे होतात, ती रेडिओसारख्या उपकरणांची वायर असून तिच्यावर अलार्म जोडल्यास प्रत्येक वेळी गाडी सुरू करताना तो गोंधळतो. स्टार्टरच्या वायरवर केवळ स्टार्टर मारतानाच व्होल्ट येतात. हे तपासताना गाडी न्यूट्रलमध्ये व हँडब्रेक ओढलेला असावा. इंडिकेटरसाठी डावा इंडिकेटर सुरू करून शून्य आणि १२ यांच्यात हेलकावणारी वायर शोधावी, नंतर उजव्याची शोधावी आणि अलार्मच्या दोन इंडिकेटर वायर दोन्हींना वेगवेगळ्या जोडाव्यात. त्या एकत्र बांधल्यास डावीकडे वळताना चारही दिवे लुकलुकू लागतील. दरवाजाच्या वायरवर दरवाजा बंद असताना सुमारे १२ आणि उघडल्यावर शून्याजवळ व्होल्ट दिसतात. हा ऋण संकेत होय. काही गाड्यांत याच्या उलट, म्हणजे धन संकेत असतो, म्हणून अलार्मची धन आणि ऋण संकेतांपैकी कोणती वायर वापरायची ते या मोजमापावरूनच ठरवावे.

सापडलेल्या प्रत्येक वायरला कागदी टेपची चिठ्ठी लावावी. मग दहाच्या पान्याने बॅटरीचे ऋण टर्मिनल सोडवावे. काम संपल्यावर तेच सर्वांत शेवटी जोडायचे आहे.

जोडणी

मुख्य युनिट डॅशबोर्डच्या आत, हात सहज पोहोचणार नाही अशा ठिकाणी केबल टायने घट्ट बांधावे आणि त्याची अँटेना वायर गुंडाळी न करता मोकळी पसरावी, नाहीतर रिमोट दहा पावलांवरूनही चालत नाही. कायम पुरवठ्याच्या वायरीत जिथून वीज घेतली आहे त्याच्या जवळच कागदावर दिलेल्या अँपिअरचा फ्यूज बसवावा, कारण फ्यूज आणि बॅटरी यांच्यामधल्या वायरीला कोणतेच संरक्षण नसते.

अर्थिंगकडे सर्वाधिक लक्ष द्यावे. प्लास्टिक किंवा रंगावर आवळलेला स्क्रू म्हणजे अर्थ नव्हे. बॉडीच्या मूळ नटाजवळचा रंग खरवडून उघडे लोखंड दिसू द्यावे, वायरला पक्कडीने दाबून (क्रिम्प करून) बसवलेले थिंबल, म्हणजे धातूची कडी लावून नट आवळावा आणि वरून थोडे ग्रीस लावावे. अलार्म मधूनच वाजतो, रिमोट कधी चालतो कधी नाही, अशा तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा येथेच सापडते.

वायरींचे सांधे नुसते पिळून टेप गुंडाळलेले नसावेत. आपल्याकडच्या उन्हात साध्या टेपचा चिकटा वितळून ओघळतो आणि एका उन्हाळ्यात सांधा उघडा पडतो. म्हणून सांधा क्रिम्प करावा किंवा डाग देऊन (सोल्डर करून) त्यावर उष्णतेने आवळणारी स्लीव्ह चढवावी. शेजारच्या वायरला बांधून त्याला आधारही द्यावा, कारण डाग दिलेली वायर हादऱ्यांनी डागाच्या कडेलाच तुटते. नव्या सर्व वायर लवचिक पन्हाळी नळीतून न्याव्यात. हरभरा आणि गहू घरात आले की उंदीर अंगणात उभ्या गाडीतही शिरतात आणि त्यांना नवी वायर विशेष आवडते. पत्र्याच्या छिद्रातून वायर नेताना छिद्राच्या कडेला रबरी ग्रोमेट, म्हणजे रबरी कडी हवीच.

आता ज्या दरवाजांना स्विच नाही त्यांच्याकडे वळावे. मागच्या दरवाजाच्या चौकटीत दाबाचा पिन स्विच बसतो, परंतु छिद्र पाडण्यापूर्वी आत दुसऱ्या वायर नाहीत ना हे पाहावे आणि कापलेल्या कडेला रंग लावावा, अन्यथा पावसाळ्यात तिथूनच गंज धरतो. सरकत्या दरवाजावर वायर नेण्याचा खटाटोप करू नये, कारण दरवाजा मागे-पुढे जाताना ती हमखास तुटते. त्याऐवजी चुंबकावर चालणारा रीड स्विच घ्यावा. त्याचा वायरवाला भाग चौकटीवर आणि नुसता चुंबक दरवाजावर बसवावा. मात्र ऋण संकेताच्या जोडणीत दरवाजा उघडल्यावर संपर्क जोडला जाईल अशा प्रकारचा स्विच मागून घ्यावा, कारण घरांच्या दारांसाठी विकले जाणारे अनेक स्विच उलट चालीचे असतात.

मूळ दिव्याच्या स्विचची वायर आणि हे नवे स्विच अलार्मच्या एकाच वायरीला जोडायचे असतील, तर प्रत्येक शाखेत १एन४००७ हा डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग घालावा. ऋण संकेत असल्यास त्याचा पट्टा असलेला भाग स्विचकडे आणि दुसरा भाग अलार्मकडे येतो. काही रुपयांचा हा भाग वगळल्यास मागचा दरवाजा उघडल्यावर आतला दिवाही या बारीक वायरींतून लागू लागतो.

सायरन पत्र्याच्या आडोशाला, एक्झॉस्टच्या उष्णतेपासून दूर आणि तोंड खाली करून बसवावा, म्हणजे पाणी साचत नाही. चोराला खालून हात घालून त्याची वायर ओढता येऊ नये. स्वतःची छोटी बॅटरी असलेला सायरन मिळाल्यास तो घ्यावा, कारण मुख्य बॅटरीची वायर कापली तरी तो वाजतो.

स्टार्टर तोडणारा रिले

ज्या ईकोला कंपनीचा इमोबिलायझर, म्हणजे मूळ किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा आहे, तिला या रिलेची गरज नाही. जुन्या ओम्नीला रिले अवश्य जोडावा. काही मिस्तरी रिले इग्निशनच्या किंवा पेट्रोल पंपाच्या वायरीत घालतात आणि मला ते मान्य नाही. असा रिले किंवा त्याचा सांधा घाटात निकामी झाला तर चालती गाडी बंद पडते. स्टार्टरच्या वायरीत घातलेला रिले बिघडला तर फार तर गाडी सुरू होणार नाही.

स्टार्टरची वायर मध्ये कापून एक टोक रिलेच्या ३० क्रमांकाला आणि दुसरे ८७ए ला जोडावे. या दोन टोकांमधला मार्ग रिले शांत असताना सुरू असतो. ८६ ला इग्निशनची वायर आणि ८५ ला अलार्मची, लॉक असताना ऋण देणारी वायर जोडावी. अशा जोडणीत गाडी उभी असताना रिले वीज खात नाही आणि कोणी किल्ली फिरवली तरच तो मार्ग तोडतो. रिले ४० अँपिअरचा असावा आणि त्याच्या वायर गाडीच्या मूळ स्टार्टर वायरपेक्षा बारीक नसाव्यात.

शॉक सेन्सर आणि चाचणी

शॉक सेन्सर डॅशबोर्डच्या लोखंडी सांगाड्याला, शक्यतो मध्यभागी, स्क्रूने बसवावा. फोमच्या टेपवर चिकटवलेला सेन्सर उन्हात निसटतो. बॅटरीचे टर्मिनल जोडल्यावर अनेक युनिट लगेच वाजू लागतात, म्हणून रिमोट हाताशी ठेवावा. संवेदनशीलतेचा स्क्रू सर्वांत कमीवर आणून अलार्म लावावा, काचेवर तळहाताने थाप मारून पाहावी आणि अगदी थोडाथोडा वाढवत जावे. थापेने वाजला, परंतु शेजारून ट्रॅक्टर-ट्रॉली गेल्यावर गप्प राहिला, की थांबावे. छतावर उडी मारणारी वानरे आणि विजांचा गडगडाट यांचाही विचार करावा लागतो. चार रात्री विनाकारण ओरडलेल्या गाडीकडे पाचव्या रात्री गावात कोणी दार उघडून पाहत नाही, आणि वैतागलेला मालकच शेवटी अलार्म लावणे सोडतो. म्हणून सेन्सर थोडा मंद आणि दरवाजांचे स्विच पक्के, असाच समतोल ठेवणे मला योग्य वाटते.

त्यानंतर प्रत्येक दरवाजा स्वतंत्रपणे उघडून अलार्म वाजतो का ते पाहावे. रिले बसवला असेल, तर अलार्म लावलेल्या स्थितीत आत बसून मूळ किल्लीने स्टार्टर मारून पाहावा. तो फिरता कामा नये.

शेवटची चाचणी विजेच्या खर्चाची आहे. आतला दिवा बंद करून बॅटरीचे ऋण टर्मिनल सोडवावे, मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून टर्मिनल आणि बॅटरी यांच्यामध्ये धरावा, रिमोटने अलार्म लावावा आणि काही मिनिटांनी आकडा वाचावा. या वेळी स्टार्टर मारू नये, मीटर जळेल. संपूर्ण गाडीचा खर्च ५० मिलिअँपिअरच्या आत असणे चांगले. एकटा अलार्म २० मिलिअँपिअर घेत असेल, तर महिन्याला सुमारे १४ अँपिअर-तास जातात, आणि ३५ अँपिअर-तासांची बॅटरी त्यातच बरीचशी उतरते. पेरणीच्या दिवसांत गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहणार असेल, तर मधून मधून ती फिरवून आणावी.

ईकोच्या मालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या गाडीचे सायलेन्सर चोरीला जाण्याचे प्रकार अनेक ठिकाणी घडले आहेत, कारण त्याच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलॅडियम यांसारखे मौल्यवान धातू असतात. ते काम गाडीखाली झोपून होते आणि त्यात एकही दरवाजा उघडत नाही. मंद ठेवलेला शॉक सेन्सर ते ओळखेलच असे नाही, म्हणून वेल्डिंगवाल्याकडून सायलेन्सरभोवती लोखंडी जाळी किंवा पट्ट्या लावून घ्याव्यात. वेल्डिंगपूर्वी मात्र बॅटरीचे ऋण टर्मिनल आणि अलार्मचा कपलर दोन्ही काढून ठेवावेत.