छोट्या नदीवर सॅमनसाठी फ्लाय लाइन निवडताना या चुका टाळा

फ्लाय म्हणजे पिसांचा नकली किडा, आणि फ्लाय लाइन म्हणजे आपल्या वजनाने त्याला पुढे नेणारी दोरी. ही लाइन लांब गेली पाहिजे, हा हट्ट सगळ्यात आधी सोडा. दर मोसमात कुणीतरी नवी कोरी लाइन घेऊन येतं आणि कौतुकाने सांगतं, "हिच्यावर तीस मीटर सहज जाते." अहो, पण जायचंय कुठे? स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या हॅलाडेलसारख्या नद्यांचं पात्र बऱ्याच ठिकाणी वीस मीटरसुद्धा भरत नाही. सॅमन मासा असतो आठ, दहा, फार तर बारा मीटरवर.

एकदा नीट हिशेब करून बघा. फ्लाय बारा मीटरवर टाकायची आहे. त्यातले तीन मीटर लीडरचे (लाइन आणि फ्लाय यांच्यामधल्या बारीक धाग्याचे), अडीच-पावणेतीन मीटर रॉडचे, म्हणजे काठीचे. टोकाबाहेर लाइन उरते जेमतेम साडेसहा मीटर. आता लाइनचा नंबर ठरतो तो तिच्या पहिल्या ३० फुटांच्या, म्हणजे ९.१४ मीटरच्या वजनावरून. सात नंबरला हे वजन १८५ ग्रेन, म्हणजे १२ ग्रॅम धरलं आहे. साडेसहा मीटरमध्ये त्यातले आठ ग्रॅम आले तरी खूप, कारण पुढचं टोक निमुळतं असतं. पाच नंबरचं प्रमाण वजन १४० ग्रेन, म्हणजे नऊ ग्रॅम. थोडक्यात, सात नंबरच्या रॉडला तुम्ही पाच नंबरपेक्षा हलकी लाइन दिलीत. रॉड वाकतच नाही, मग तो फेकणार कशाच्या जोरावर?

म्हणून छोट्या नदीवर आखूड हेडची लाइन घ्या; हेड म्हणजे लाइनचा पुढचा जाड, वजनदार भाग. सगळं वजन पहिल्या सात-आठ मीटरमध्ये आलं पाहिजे. दुकानात मी नंबर शेवटी बघतो. आधी खोक्याच्या मागे छापलेली हेडची लांबी आणि ग्रेन वाचतो. ग्रेन छापलेच नसतील तर ती लाइन तिथेच ठेवून येतो.

"मग सरळ एक नंबर जड घेऊ," हा शॉर्टकटही डोळे मिटून मारू नका. हल्लीच्या बऱ्याच लाइन मुळातच अर्धा ते एक नंबर जड बनवलेल्या असतात. त्यावर तुम्ही आणखी एक चढवलात की लाइन पाण्यावर दोरखंडासारखी आपटते.

लांब हेडची लाइन नेण्याच्या चुकीपायी माझ्या सोबत्याचा अख्खा दिवस गेला, तो मी विसरलेलो नाही. असल्या नद्या पावसावर चालतात. पूर आला की मासे वर चढतात आणि पाणी ओसरायला लागलं की फ्लाय घेतात. शुक्रवारी रात्रभर पाऊस झाला. शनिवारी सकाळी पाणी चहाच्या रंगाचं झालेलं आणि काठावरच्या दगडांवर बोटभर ओली रेघ, म्हणजे नुकतंच उतरायला लागलेलं. असा दिवस अख्ख्या आठवड्यात एखादाच मिळतो. त्याच्या रीलवर लांब हेडची लाइन होती आणि पाठीमागे बर्च झाडांची भिंत. रोल कास्ट (लाइन मागे न झोकता पाण्यावरून पुढे लोळवायची फेक) केला की लाइन अर्ध्यावरच ढीग होऊन पडायची. मागे झोका द्यायला गेला तर फ्लाय झाडात. तीन फ्लाय अशा गेल्या. शेवटी वैतागून, मागे जागा मिळावी म्हणून तो मांडीभर पाण्यात उतरला, आणि डोहाच्या शेपटाशी काठालगत बसलेला मासा त्याच्या पायाजवळून पाणी फाडत वर निघून गेला. ज्या माशासाठी तो वीस मीटर फेकू बघत होता, तो सहा मीटरवर होता! दुसऱ्या दिवशी रविवार. स्कॉटलंडमध्ये रविवारी सॅमनसाठी गळ टाकायला कायद्याने बंदी आहे. सोमवारी पाणी काचेसारखं स्वच्छ आणि घोट्याएवढं.

म्हणूनच सांगतो, नवी लाइन घेण्याआधी रोल कास्ट शिका, मग सिंगल स्पे (लाइन पाण्यावर टेकवून दिशा बदलत करायची फेक). मागे झाड असताना लागणार तेच आहे. महिनाभर सराव करायचा धीर नसेल तर महागातली महाग लाइनही ती उणीव भरून काढणार नाही.

दुसरी चूक म्हणजे तळाशी जाण्याची घाई. मासा दिसत नाही, तेव्हा तो खाली असणार, तेव्हा जड सिंकिंग (बुडणारी) लाइन लावा, असा नवख्यांचा तर्क असतो. सेकंदाला सहा इंच बुडणारी लाइन मीटरभर खोल डोहात सात सेकंदांत तळाला टेकते. त्यानंतर तुम्ही दगडांशी झुंजत बसता. सॅमन फ्लायसाठी वर येतो, विशेषतः पाणी दहा अंशांच्या वर गेलं की. मी एक फ्लोटिंग (तरंगणारी) लाइन ठेवतो आणि खिशात तीन पॉलीलीडर, म्हणजे लाइनच्या टोकाला जोडायचे निमुळते तुकडे: फ्लोटिंग, इंटरमीडिएट (हळू बुडणारा) आणि एक जलद बुडणारा, दीड मीटरचा. पाणी चढलेलं असेल किंवा वारा सुटला असेल तर इंटरमीडिएट. जलद बुडणारा फक्त थंडगार पाण्यात.

दोन हातांच्या रॉडवरचा सात आणि एका हाताच्या रॉडवरचा सात एक नव्हे. पहिल्याला जवळपास दुप्पट किंवा त्याहून जास्त वजन लागतं.

उष्ण समुद्रासाठी बनवलेली लाइन स्वस्तात मिळाली तरी नको. थंड पाण्यात ती तारेसारखी ताठ होते आणि रीलवरची वेटोळी सुटत नाहीत.

वेट फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या टोकाकडे वजन असलेली, लाइन उलटी गुंडाळू नका. रीलकडच्या टोकावर चिठ्ठी असते, ती वाचून मगच काढा.

लाइनच्या टोकाचा लूप (फासा) लीडरच्या लूपला जोडताना दोन्ही एकमेकांत सरळ अडकले पाहिजेत. एक दुमडून दुसऱ्याला फास बसला तर तो लाइनचं आवरण कापतो. ओढून घट्ट करण्याआधी एकदा डोळ्यांजवळ धरून बघा.

आणि फ्लोटिंग लाइनचं टोक बुडायला लागलं की लगेच नवी आणायला धावू नका. बहुतेकदा तो नुसता मळ असतो. मी नदीवरून आलो की कोमट पाण्यात सौम्य साबण घालून लाइन त्यात सोडतो, मऊ फडक्यातून दोनदा ओढून घेतो आणि सैल वेटोळी करून रात्रभर सावलीत वाळवतो. पहिल्यांदा हे कराल तेव्हा फडकं बघा, काळं झालेलं असेल.