प्रोस्टेट कॅन्सर: ऑपरेशन करायचं का शेक घ्यायचा, कसं ठरवायचं

प्रोस्टेटच्या (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या) बायोप्सीत कॅन्सर निघाला, डॉक्टर म्हणाले ऑपरेशन पण चालेल आणि रेडिएशन पण चालेल, तुम्ही घरी विचार करून सांगा, आणि घरी आल्यावर दांडिया बाजारातल्या आत्यापासून पुण्याच्या साडूपर्यंत सगळे डॉक्टर झाले. आमच्या घरात दोन्ही झालंय, मामांचं ऑपरेशन आणि काकांचा शेक (म्हणजे रेडिएशन), त्यामुळे बडोद्यातले ओळखीचे लोक अधूनमधून विचारतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय.

सगळ्यात आधी, घाई करू नका. प्रोस्टेटचा कॅन्सर बहुतेक वेळा हळू वाढतो, विचार करायला दोनचार आठवडे घेतले तर सहसा काही बिघडत नाही, आणि बायोप्सीनंतर सूज उतरावी म्हणून सर्जन स्वतःच काही आठवडे थांबायला सांगतात. अपवाद म्हणजे लघवी पूर्ण बंद झाली, किंवा पाठ दुखून पायातली ताकद जायला लागली, मग त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.

आता फाइल काढा. त्यात तीन गोष्टी शोधायच्या: पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) किती, ग्लिसन स्कोअर (बायोप्सीत कॅन्सर किती आक्रमक दिसतो त्याचा आकडा) किती, आणि एमआरआय किंवा पीएसएमए पेट स्कॅनमध्ये आजार प्रोस्टेटच्या आतच आहे का बाहेर गेलाय. ढोबळ हिशोब असा की पीएसए १० च्या खाली, ग्लिसन ३+३=६ आणि गाठ छोटी असेल तर कमी धोका, पीएसए १० ते २० किंवा ग्लिसन ७ म्हणजे मधला, आणि पीएसए २० च्या वर किंवा ग्लिसन ८ ते १० म्हणजे जास्त धोका. ७ मध्ये पण ३+४ आणि ४+३ एक नाहीत, ४ आधी आला की प्रकरण थोडं गंभीर. आणि बाबा लघवीसाठी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड घेत असतील तर ते डॉक्टरांना सांगाच, त्या गोळ्यांनी पीएसए साधारण निम्मा दिसतो, म्हणजे रिपोर्टवरचा ६ खरा १२ असू शकतो.

ग्लिसन ६ असेल तर ऑपरेशन का शेक हा प्रश्नच बहुतेकदा दुसरा, पहिला प्रश्न हा की आत्ता काही करायची गरज आहे का. लगेच उपचार न करता लक्ष ठेवण्याला ॲक्टिव्ह सर्व्हेलन्स म्हणतात, ठरावीक अंतराने पीएसए, अधूनमधून एमआरआय आणि बायोप्सी, आणि वाढला तरच उपचार. आपल्याकडे कॅन्सर शब्द ऐकल्यावर नुसतं लक्ष ठेवा म्हटलं की घरच्यांना वाटतं डॉक्टरला काही येत नाही, पण ही नीट मान्य पद्धत आहे. उलट हाडांत पसरला असेल तर मुख्य उपचार पुरुषी हार्मोन बंद करण्याचा, तिथे खालचा बराचसा मजकूर लागू नाही.

एक गोंधळ नेहमी होतो. दुर्बिणीतून प्रोस्टेट खरवडतात ते टीयूआरपी, ते लघवीचा रस्ता मोकळा करायला, कॅन्सरचं ऑपरेशन ते नाही. कॅन्सरसाठी अख्खं प्रोस्टेट आणि मागच्या वीर्यपिशव्या काढतात.

आता मुख्य मुद्दा. कॅन्सर आटोक्यात ठेवण्यात दोन्हीत फार फरक नाही, हे ऐकायला लोकांना आवडत नाही पण तसंच आहे. ब्रिटनमध्ये प्रोटेक्ट नावाचा मोठा अभ्यास झाला, १६४३ पुरुषांना चिठ्ठी काढल्यासारखं तीन गटांत टाकलं, लक्ष ठेवणं, ऑपरेशन, आणि शेक. १५ वर्षांचे निकाल २०२३ मध्ये आले, तर प्रोस्टेट कॅन्सरने मेलेले तिन्ही गटांत मिळून ३ टक्क्यांच्याही आत, आणि गटागटांत म्हणण्यासारखा फरक नाही. नुसतं लक्ष ठेवलेल्यांत आजार पसरण्याचं प्रमाण मात्र जास्त होतं, ९ टक्क्यांच्या वर, बाकी दोन्हीत ५ च्या आसपास. हे लोक बहुतेक लवकर सापडलेले, कमी किंवा मधल्या धोक्याचे होते हे विसरू नका, पीएसए ६० असलेल्या माणसाला हे आकडे लावायचे नाहीत.

म्हणजे निवड खरी होते ती त्रासाची, कुठला त्रास तुम्हाला जास्त खुपेल.

ऑपरेशनचा त्रास पहिल्या दिवसापासून पुढ्यात असतो. दोनचार दिवस हॉस्पिटल, साधारण आठवडा ते दोन आठवडे लघवीची नळी, आणि नळी काढल्यावर लघवी गळते. शिंकलं, खोकलं, खुर्चीतून उठलं की गळते, पॅड लावावे लागतात, बहुतेकांचं काही महिन्यांत ते वर्षात खूप सुधारतं पण सगळ्यांचं पूर्ण थांबत नाही. त्याच प्रोटेक्टमध्ये १२ वर्षांनंतर ऑपरेशनवाल्यांपैकी साधारण चौघांत एक जण पॅड वापरत होता, शेकवाल्यांत ८ टक्के. कीगल व्यायाम (लघवी रोखणारे स्नायू आवळायचे) ऑपरेशनच्या आधीच शिकून घ्या, नळी काढल्यावर शिकायला बसलात तर उशीर होतो. आणि शरीरसंबंध, हे कोणी बोलत नाही म्हणून मी लिहितो: ताठरपणाच्या नसा प्रोस्टेटला चिकटून दोन्ही बाजूंनी जातात, त्या वाचवता आल्या तरी परत जागं व्हायला महिने लागतात, आणि वीर्य तर बाहेर येणारच नाही.

शेकाचं उलटं. त्या वेळी दुखत नाही, भरती व्हावं लागत नाही, पण त्रास मागून येऊ शकतो. चालू असताना लघवीला जळजळ, सारखं जावं लागणं, थकवा. पुढे महिन्यांनी किंवा वर्षांनी संडासातून रक्त, कधी लघवीतून. १२ वर्षांनी शेकवाल्यांत १२ टक्के लोकांना संडास थोडी निसटण्याचा त्रास होता, बाकीच्यांत ६. ताठरपणा इथे पण कमी होतो, फक्त हळूहळू. आणि खूप वर्षांनी त्या भागात दुसरा कॅन्सर होण्याची थोडी वाढीव शक्यता, ७५ च्या आजोबांनी ती मनावर घेऊ नये, ५२ च्या माणसाने मात्र घ्यावी.

आणि शेक म्हणजे बऱ्याच वेळा नुसता शेक नाही, हे लोक मोजतच नाहीत. मधल्या धोक्याला ४ ते ६ महिने आणि जास्त धोक्याला दीड ते तीन वर्षं हार्मोन बंद करायची इंजेक्शनं जोडीला लागतात. त्याने अंगातून वाफा येतात, इच्छा मरते, पोट सुटतं, स्नायू उतरतात, हाडं ठिसूळ होतात, शुगर वाढते. घरात आधीच डायबिटीस असेल तर हा मुद्दा वर घ्या.

तसंच सर्जनला एक प्रश्न विचाराच: माझ्या केसमध्ये ऑपरेशननंतर परत शेक लागायची शक्यता किती? जास्त धोक्याच्या आजारात ती चांगलीच असते, मग दोन्हीचे त्रास एकाच माणसाच्या वाट्याला. ऑपरेशननंतर शेक देता येतो, शेकानंतर ऑपरेशन फार अवघड, हे सर्जन सांगतात ते खरंच आहे, पण माझ्या मते तेवढ्या एका कारणावर ७२ व्या वर्षी टेबलवर झोपायला जाऊ नये.

काही गोष्टी आपोआप पारडं झुकवतात. लघवीला आधीच खूप अडथळा, प्रोस्टेट मोठं, तर ऑपरेशनने दोन्ही कामं होतात. आतड्याचा कोलायटिससारखा आजार असेल किंवा त्या भागात आधी शेक घेतलेला असेल तर सहसा ऑपरेशन. हृदयात नुकताच स्टेंट बसलाय, रक्त पातळ करायच्या गोळ्या बंद करता येत नाहीत, फुप्फुसं कमजोर, तर शेक. टीयूआरपी झालेली असेल तर शेकवाल्या डॉक्टरना आधी सांगा, त्यांना थांबावं लागतं.

रोबोटने होणाऱ्या ऑपरेशनबद्दल. रक्त कमी जातं, माणूस लवकर घरी येतो, हे खरं. पण गळती आणि ताठरपणा पुढे जाऊन रोबोटनेच जास्त चांगले राहतात असं नीट सिद्ध झालेलं नाही, मशीनपेक्षा ते चालवणारा हात बघा. वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता, वर्षभराने किती जणांना पॅड लागत नाही, हे सरळ विचारा. राग आला तर दुसरा डॉक्टर बघा.

शेकाचा व्यवहार असा: आजकाल बऱ्याच ठिकाणी २० वेळा, म्हणजे सोम ते शुक्र चार आठवडे, जुन्या पद्धतीत ३७-३९ वेळा, आणि निवडक लोकांना फक्त ५ वेळा. रोज जायचंय म्हणून घरापासून अंतर बघा. रावपुऱ्यातून गोरजच्या कैलास कॅन्सर हॉस्पिटलला किंवा अमदावादच्या जीसीआरआय या कॅन्सर हॉस्पिटलला रोज जाणं वयस्क माणसाला झेपेल का, का तिथेच खोली घ्यायची, हे आधी ठरवा. प्रत्येक वेळी मूत्राशय भरलेलं आणि पोट साफ लागतं, पाणी घरून पिऊन निघू नका, विश्वामित्रीच्या पुलावर अडकलात की हाल, तिथे पोचल्यावरच प्या. गॅसने प्रोस्टेट जागचं हलतं, म्हणून तेवढे दिवस सेव उसळ बंद, बडोदेकराला हा त्रास डॉक्टर कागदावर लिहीत नाहीत. बाहेरून दिलेल्या शेकाने माणूस किरणं फेकत नाही, नातवंडं खुशाल मांडीवर घ्या.

ऑपरेशन असेल तर तारीख नवरात्र आणि उत्तरायण बघून घ्या, नळी लावून गच्चीवर पतंग उडवायला जाणारे लोक माझ्या माहितीत आहेत. जड उचलणं आणि ॲक्टिवा काही आठवडे बंद.

पैशाचं, गुजरातेत आयुष्मान कार्डावर कुटुंबाला वर्षाला १० लाखांपर्यंत कव्हर आहे, आणि ७० च्या वरच्यांना २०२४ पासून उत्पन्न न बघता वय वंदना कार्ड मिळतं. रोबोट आणि पेट स्कॅन त्यात बसतं का ते हॉस्पिटलच्या आयुष्मान काउंटरवर आधीच लेखी घ्या.

दोन्ही डॉक्टरना भेटल्याशिवाय ठरवू नका, युरोलॉजिस्टला पण आणि रेडिएशनच्या डॉक्टरला पण, कारण प्रत्येकाला आपलंच औषध गोड वाटतं. आणि मुलांनो, बाबांना पाच मिनिटं एकट्याने आत सोडा. मुलगा आणि सुनेसमोर कुठला सासरा विचारणार आहे की माझं आणि हिचं काय? आईला पण विचारा, पॅड आणि चादरी बहुतेक तीच बदलणार असते.

झाल्यावर पीएसए वेगवेगळा वाचायचा. ऑपरेशननंतर सहाआठ आठवड्यांत तो जवळजवळ शून्य व्हायला हवा, आणि पुढे ०.२ पर्यंत चढला तर लगेच दाखवा. शेकानंतर तो शून्य होत नाही, हळूहळू उतरतो, मध्येच थोडा उसळी पण मारतो, सगळ्यात खाली गेला होता त्याच्यापेक्षा २ ने वर गेला की आजार परत आला असं धरतात. टेस्ट दर वेळी एकाच लॅबमधून करा. आणि शेक झालेल्या माणसाला पुढे संडासातून रक्त आलं आणि कोणी दुर्बीण घालणार असेल तर त्या पोटाच्या डॉक्टरना आधी सांगा की इथे शेक झालाय, गुदाशयाच्या पुढच्या भिंतीचा तुकडा उगाच काढू नका, ती जखम भरायला फार त्रास देते.